नळीवरचे नाव आणि निर्मात्याचा शोध : जुन्या ब्रिटिश नेमबाजी रायफलींवरील ठशांच्या वाचनाची चिकित्सा

प्रस्तावना

एखादी जुनी वस्तू कोणी घडवली, हा प्रश्न वस्तुसंग्रहालयाच्या नोंदवहीत बहुधा एका शब्दात निकालात निघतो. ‘निर्माता’ या रकान्यात एक नाव लिहिले जाते आणि पुढील सर्व वर्णन, मूल्यमापन व कालनिर्णय त्या नावाच्या आधारे केला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये स्पर्धात्मक नेमबाजीसाठी तयार झालेल्या रायफलींच्या बाबतीत तर हे काम अधिकच सोपे वाटते. कारण या रायफलींवर अक्षरे भरपूर असतात. नळीवर एखाद्या पेढीचे नाव व गाव सुबक अक्षरांत कोरलेले असते, लॉकच्या पट्टीवर तेच नाव पुन्हा येते आणि शिवाय मुकुट, राजदंड, अंक, आद्याक्षरे असे अनेक ठसे असतात. वाचणाऱ्याला वाटते की वस्तू स्वतःच आपला परिचय करून देत आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, हा परिचय जसाच्या तसा स्वीकारणे ही या क्षेत्रातील मूलभूत चूक आहे. नेमबाजी रायफलीवरील लेखन हे एकाच व्यक्तीची स्वाक्षरी नसून अनेक हातांनी, वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या हेतूंनी केलेल्या विधानांचा समुच्चय आहे. त्यातील सर्वांत ठळक विधान घडणीविषयी अनेकदा सर्वांत कमी सांगते, तर घडवणाऱ्या हाताची साक्ष देणाऱ्या खुणा दस्त्याच्या आत झाकलेल्या असतात. या दृष्टीने ठशांचे स्वरूप, त्यांच्या वाचनाची प्रचलित पद्धती आणि ती ज्यांवर उभी आहे त्या संदर्भग्रंथांची मर्यादा यांचा विचार येथे केला आहे.

१. नेमबाजी रायफलीची ऐतिहासिक पार्श्वभूमी

१८५९ साली फ्रान्सच्या आक्रमणाच्या भीतीमुळे ब्रिटनमध्ये स्वयंसेवक पलटणींची चळवळ उभी राहिली आणि त्याच वर्षी नॅशनल रायफल असोसिएशनची स्थापना झाली. या संस्थेची पहिली स्पर्धा जुलै १८६० मध्ये लंडनजवळील विंबल्डनच्या माळावर भरली. २ जुलै रोजी राणी व्हिक्टोरियाने यांत्रिक आधारावर बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलीची दोरी ओढून उद्‌घाटनाची गोळी झाडली. ४०० यार्डांवरील लक्ष्याच्या मध्यबिंदूपासून अवघ्या सव्वा इंचावर ती लागली. १८९० पासून या स्पर्धा बिस्ली येथे भरू लागल्या.

या काळात नेमबाजी हा मध्यमवर्गीयांचा व उमरावांचा प्रतिष्ठेचा छंद झाला आणि ८०० ते १००० यार्डांवर अचूक मारा करणाऱ्या रायफलींना मागणी आली. अचूकता प्रामुख्याने नळीच्या आतील मळसूत्री खाचांवर, म्हणजेच रायफलिंगवर अवलंबून असे. त्यामुळे खाचांची खोली, संख्या व पीळ यांविषयी अनेक संशोधकांनी एकस्वे, म्हणजे पेटंटे घेतली. रायफलीवरील नावांचा गुंता येथून सुरू होतो. सामान्य शिकारी बंदुकीवर एका पेढीचे नाव पुरत असे. नेमबाजी रायफलीवर मात्र पेढीबरोबरच एकस्वधारकाचे नावही येऊ लागले, कारण ग्राहकाला कोणाच्या दुकानातून घेतली यापेक्षा कोणाच्या पद्धतीची नळी आहे हे अधिक महत्त्वाचे वाटत होते.

२. कोरलेले नाव : स्वाक्षरी की जाहिरात?

कोरलेल्या नावाचे किमान चार वेगळे अर्थ संभवतात. ते घडवणाऱ्याचे असू शकते, एकस्वधारकाचे असू शकते, सुटे भाग जमवून रायफल पूर्ण करून घेणाऱ्या पेढीचे असू शकते किंवा केवळ विक्रेत्याचे असू शकते. या चारही अर्थांची उदाहरणे एकाच काळात सापडतात.

जॉन रिग्बी यांचे उदाहरण पहिल्या अर्थाच्या सर्वांत जवळचे आहे. डब्लिनच्या या घराण्याचा वारसदार स्वतः नामांकित नेमबाज होता. १८७४ मध्ये अमेरिकेत क्रीडमूर येथे आयर्लंड व अमेरिका यांच्यात झालेल्या सामन्यात आयरिश संघ रिग्बींच्या तोंडाकडून भरावयाच्या रायफली घेऊन उतरला होता आणि रिग्बी स्वतः त्या संघात होते. अमेरिकेने हा सामना ९३४ विरुद्ध ९३१ अशा अवघ्या तीन गुणांनी जिंकला. पुढे १८८७ मध्ये रिग्बी एनफिल्ड येथील सरकारी शस्त्र कारखान्याचे अधीक्षक झाले. येथे नाव, रचना आणि कौशल्य यांचा संबंध निकटचा आहे. शिवाय नावासोबत कोरलेला पत्ता कालनिर्णयास साहाय्य करतो. केवळ डब्लिनचा उल्लेख आणि डब्लिन व लंडन असा जोड उल्लेख यांतील फरक महत्त्वाचा आहे, कारण लंडनचे दुकान १८६० च्या दशकाच्या मध्यावर सुरू झाले आणि डब्लिनचा व्यवसाय १८९७ मध्ये विकला गेला.

परंतु रिग्बींवरून काढलेला नियम इतरांना लावता येत नाही. ब्रिस्टलच्या जॉर्ज गिब्ज पेढीची एकनळी रायफल घेतली तर तिच्यावर तीन नावे येऊ शकतात. गिब्ज हे पेढीचे नाव. फर्कुहार्सन हे ब्रीच उघडण्या-मिटण्याच्या यंत्रणेचे एकस्व १८७२ मध्ये घेणाऱ्या स्कॉटिश गृहस्थाचे नाव. मेटफर्ड हे नळीतील उथळ खाचांची पद्धत शोधणाऱ्या अभियंत्याचे नाव. विल्यम एलिस मेटफर्ड हे व्यवसायाने रेल्वे अभियंता होते. १८५७ च्या उठावाच्या वेळी ते ईस्ट इंडियन रेल्वेच्या कामावर हिंदुस्थानात होते आणि प्रकृती ढासळल्याने लवकरच मायदेशी परतले. त्यांची ख्याती प्रयोगांवर व गणितावर उभी राहिली, बंदुकीच्या दुकानावर नव्हे. अशा रायफलीचा ‘निर्माता’ कोण, या प्रश्नाला एका नावाचे उत्तर देताच उरलेल्या दोघांचे कार्य नोंदीतून पुसले जाते.

एकच नाव निरनिराळ्या काळी निरनिराळा अर्थ धारण करते, हा आणखी एक प्रकार. मँचेस्टरचे जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८५० च्या दशकात षट्‌कोनी पोकळीची, सुमारे ०·४५१ इंच मापाची आणि दर २० इंचांस एक पूर्ण पीळ असलेली नळी सिद्ध केली. १८६० च्या सुमारास त्यांचे नाव नळीवर आले की त्याचा रोख या पोकळीकडे असे. व्हिटवर्थ एकस्वाच्या नळ्या इतर पेढ्यांच्या रायफलींतही बसवलेल्या आढळतात. म्हणून त्या काळीही हे नाव संपूर्ण शस्त्राचे कर्तृत्व सांगतेच असे नाही. कंपनीच्या नावातील बदलही बोलका आहे. व्हिटवर्थ रायफल कंपनी हे नाव आधीचे, मँचेस्टर ऑर्डनन्स अँड रायफल कंपनी हे १८६२ पासूनचे. पुढे व्हिटवर्थ यांनी वितळलेल्या पोलादावर दाब देऊन निर्दोष पोलाद तयार करण्याची पद्धत काढली आणि त्या पोलादाच्या नळ्यांवर त्यांच्या नावाचा ठसा येऊ लागला. तेथे व्हिटवर्थ हा केवळ धातूचा पुरवठादार आहे. नावामागे ‘सर’ ही उपाधी असेल तर तो ठसा १८६९ नंतरचा, कारण बॅरोनेट हा किताब त्यांना त्या वर्षी मिळाला. एकाच नावात आधी रचना आणि मग कच्चा माल अशी दोन विधाने दडलेली आहेत. हा भेद न करणारी नोंद व्हिटवर्थ पोलादाच्या नळीला व्हिटवर्थ रायफल ठरवून मोकळी होते.

विक्रेत्याच्या नावाचे उदाहरण मुंबईकरांना परिचित आहे. लंडनमध्ये १८७१ साली स्थापन झालेल्या आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटीने १८९१ मध्ये मुंबईत शाखा काढली. काळा घोडा परिसरातील तिची इमारत आजही त्याच नावाने ओळखली जाते. या संस्थेच्या नावाने विकल्या गेलेल्या बंदुका व रायफली इतर पेढ्यांनी तयार केलेल्या असत. अधिकाऱ्यांना कपड्यांपासून खाद्यपदार्थांपर्यंत सर्व काही पुरवणाऱ्या या भांडाराचे नाव नळीवर पाहून त्याला शस्त्रनिर्माता मानणे म्हणजे ग्रंथविक्रेत्याच्या शिक्क्यावरून ग्रंथकर्ता ठरवण्यासारखे आहे.

स्वयंसेवकांनी वापरलेल्या एनफिल्ड नमुन्याच्या रायफलींवर लॉकच्या पट्टीवर मुकुट, ‘टॉवर’ हा शब्द आणि वर्ष असते. वाचकाला साहजिकच टॉवर ऑफ लंडन येथील शस्त्रशाळा आठवते. परंतु खासगी व्यापारासाठी बर्मिंगहॅममध्ये तयार झालेल्या असंख्य रायफलींवरही हाच शब्द आहे, कारण ग्राहकाच्या मनात तो सरकारी दर्जाचा सूचक होता. मुकुटाखाली राणीची आद्याक्षरे नसणे व सरकारी मालकी दाखवणारे बाणाच्या टोकाचे चिन्ह नसणे या दोन अभावांवरून तो खासगी व्यापारातला माल असल्याचे कळते. येथे जे कोरले आहे त्यापेक्षा जे कोरलेले नाही ते अधिक विश्वसनीय ठरते.

३. प्रूफचे ठसे : कायद्याची साक्ष आणि तिची सीमा

कोरलेल्या नावांच्या तुलनेत प्रूफचे ठसे निश्चित स्वरूपाचे आहेत, कारण त्यांच्यामागे कायदा आहे. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून नळी फुटते की टिकते हे पाहणे म्हणजे प्रूफ आणि त्यानंतरची तपासणी म्हणजे व्ह्यू. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळाला १६३७ मध्ये राजसनद मिळाली. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसची स्थापना १८१३ च्या कायद्याने झाली आणि प्रूफ चाचणी देशव्यापी सक्तीची झाली. १८५५ व १८६८ च्या कायद्यांनी ही व्यवस्था अधिक तपशीलवार केली. खोटे ठसे मारणे हा दंडनीय गुन्हा होता.

लंडनचे ठसे म्हणजे मुकुटाखाली गुंफलेली ‘जी’ व ‘पी’ ही अक्षरे आणि मुकुटाखालील ‘व्ही’. बर्मिंगहॅमचे १८१३ ते १९०४ या काळातील ठसे म्हणजे मुकुट, एकमेकांना छेदणारे दोन राजदंड आणि त्यांच्या भोवती एका ठशात ‘बी’, ‘पी’, ‘सी’ व दुसऱ्यात ‘व्ही’. १९०४ पासून बर्मिंगहॅममध्ये मुकुटाखाली ‘बी.पी.’, ‘बी.व्ही.’ आणि नायट्रो दारूच्या चाचणीसाठी ‘एन.पी.’ अशी अक्षरे आली. १९२१ पासून वर्षदर्शक अक्षराचा सांकेतिक ठसाही तेथे वापरला जाऊ लागला. एवढ्या माहितीवर नळीचा कालखंड बऱ्याच अंशी निश्चित करता येतो.

अंकांचे वाचनही असेच उद्‌बोधक आहे. प्रूफच्या ठशांजवळ ‘२५’ किंवा ‘५२’ असा अंक असतो. अनेकदा तो अनुक्रमांक किंवा वर्ष समजला जातो. वस्तुतः तो बोअरचा अंक आहे. नळीच्या व्यासाची शिशाची गोळी घेतली तर एका पौंडात अशा किती गोळ्या बसतील, ती संख्या म्हणजे बोअर. त्यामुळे अंक जितका मोठा तितकी नळी अरुंद. ‘२५’ हा अंक ०·५७७ मापाच्या एनफिल्ड नमुन्याच्या नळीवर सामान्यतः दिसतो आणि ‘५२’ हा ०·४५१ मापाच्या लांब पल्ल्याच्या रायफलीवर. परीक्षक नळीत जाईल असे मोठ्यात मोठे मापक घालून पाहत आणि त्याचा अंक ठोकत, म्हणून अंक व प्रत्यक्ष माप यांत थोडा फरक राहतो. नळीवर जुना अंक असताना प्रत्यक्ष माप त्याहून बरेच वेगळे भरले, तर नंतर केव्हातरी नळी आतून कोरली गेली किंवा तिच्यात नवे अस्तर घातले गेले, असा निष्कर्ष निघतो.

तथापि प्रूफच्या साक्षीच्या दोन सीमा लक्षात ठेवणे आवश्यक आहे. पहिली, इंग्लंडमध्ये ही चाचणी लंडन व बर्मिंगहॅम या दोनच ठिकाणी होत असल्याने ठशाचे शहर हे निर्मितीचे शहर नव्हे. ब्रिस्टल किंवा मँचेस्टर येथील पेढीची नळी या दोहोंपैकी एका शहरात जाऊन यावी लागे. बर्मिंगहॅमचे ठसे पाहून रायफल तिथलीच ठरवणे हे टपालाच्या शिक्क्यावरून पत्रलेखकाचे गाव ठरवण्यापेक्षाही धोक्याचे आहे. दुसरी, प्रूफ हे नळीच्या बळाची ग्वाही देते, अचूकतेची नव्हे. नेमबाजी रायफलीचा जो खास गुण, तोच या सरकारमान्य परीक्षेत विचारला जात नव्हता. त्यामुळे उत्कृष्ट स्पर्धक रायफल आणि सामान्य रायफल यांच्यावर एकच ठसे असतात.

४. दस्त्याच्या आतील खुणा

नळी दस्त्यातून सोडवली आणि लॉक उलटून पाहिले की वेगळ्याच जगाचे दर्शन घडते. तेथे आद्याक्षरे, रोमन अंकांसारख्या कानशीच्या खाचा, ठिपके आणि जुळणीचे आकडे असतात. ग्राहकाने हे कधी पाहावे अशी अपेक्षाच नव्हती. त्यामुळे या खुणांमध्ये जाहिरातीचा हेतू नाही आणि ऐतिहासिक साधन म्हणून त्यांचे मोल येथेच आहे.

बर्मिंगहॅमचा बंदूक व्यवसाय अत्यंत सूक्ष्म श्रमविभागणीवर उभा होता. सेंट मेरी चर्चच्या भोवतालच्या गल्ल्यांत नळी ठोकणारे, आतून कोरणारे, घासणारे, खाचा पाडणारे, दस्ता बसवणारे, नक्षी कोरणारे, नळीला तपकिरी रंग चढवणारे असे स्वतंत्र कारागीर आपापल्या लहान कार्यशाळांत काम करीत. लॉक बहुतांशी वेन्सबरी, डार्लस्टन व वुल्व्हरहॅम्प्टन परिसरातून येत. ज्याला ‘गनमेकर’ म्हटले जाई तो पुष्कळदा हे भाग विकत घेऊन एकामागून एक कारागिराकडे पाठवणारा संयोजक असे. वुल्व्हरहॅम्प्टनच्या जोसेफ ब्रेझियर यांची उत्कृष्ट लॉके नामांकित रायफलींत बसवली जात. परंतु पट्टीच्या बाहेरच्या बाजूस पेढीचे नाव आणि आतल्या बाजूस ब्रेझियरचे, अशी ही विभागणी असे. एकाच धातूच्या पट्टीच्या दोन बाजूंवर त्या व्यवसायातील प्रतिष्ठेची आणि श्रमाची वाटणी लिहिलेली आहे.

जुळणीच्या खाचांचाही अर्थ लावता येतो. हाताने घासून बसवलेले भाग एका रायफलीतून दुसरीत बसत नसत, म्हणून त्यांची जोडी चुकू नये यासाठी स्क्रूपासून पट्टीपर्यंत सारख्या खाचा पाडल्या जात. याउलट एनफिल्डचा सरकारी कारखाना किंवा लंडन आर्मरी कंपनी यांनी यंत्रावर परस्पर बदलता येणारे भाग बनवले. त्यांना अशा खुणांची गरज नव्हती. वरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन रायफलींपैकी एक हस्तव्यवसायाची आणि दुसरी यंत्रयुगाची आहे, हे नावावरून नव्हे तर या खाचांवरून कळते. तसेच एका रायफलीच्या भागांवर निरनिराळ्या खाचा आढळल्या तर ती अनेक रायफलींचे अवशेष जोडून तयार केलेली असण्याची दाट शक्यता असते.

५. संदर्भग्रंथांची समीक्षा

नावे ओळखण्यासाठी अभ्यासक ज्या ग्रंथांचा आधार घेतात, त्यांचे ऋण मान्य करूनही त्यांच्या रचनेतील गृहीतक तपासणे आवश्यक आहे. डी विट बेली व डग्लस नाय यांचा बर्मिंगहॅम व प्रांतिक बंदूककारांवरील ग्रंथ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. हॉवर्ड ब्लॅकमोर यांचा लंडनच्या बंदूककारांचा कोश १९८६ चा आहे. नायजेल ब्राऊन यांच्या ‘ब्रिटिश गनमेकर्स’चे तीन खंड २००४ ते २००९ या काळात आले. पेढ्यांचे पत्ते, त्यांचा काळ आणि कोठे कोठे अनुक्रमांक यांची जुळणी या ग्रंथांमुळे शक्य झाली आहे.

परंतु ब्लॅकमोर यांचा कोश १३५० पासून १८५० पर्यंतचा आहे. नेमबाजी रायफलीचे युग ज्या दशकात सुरू होते, त्याच्या उंबरठ्यावर तो थांबतो. तरीही नळीवरील नाव कोशात सापडले की रायफल त्या नोंदीतील व्यक्तीची मानण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात ते नाव वारसाचे, भागीदाराचे किंवा व्यवसाय विकत घेणाऱ्याचे असू शकते. बंदूक व्यवसायात नाव ही विकाऊ मालमत्ता होती आणि मूळ धन्याच्या मृत्यूनंतरही ते दशकानुदशके चाले.

याहून मूलगामी आक्षेप रचनेविषयी आहे. हे सर्व कोश नावांच्या वर्णानुक्रमाने लावलेले आहेत आणि त्यांची मुख्य साधने व्यापारी निर्देशिका, पत्ते व पेढ्यांच्या नोंदी ही आहेत. ज्याचे दुकान होते, ज्याने नाव छापून घेतले, तो कोशात येतो. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याच्या नावाखाली नळ्या कोरल्या, त्याची नोंद असली तरी तिच्यासमोर एकही वस्तू उभी करता येत नाही. ‘कोण व कोठे’ या प्रश्नाचे उत्तर हे कोश उत्तम देतात, ‘कोणी काय केले’ याचे देऊ शकत नाहीत. दोष संकलकांचा नाही, साधनांचा आहे. परंतु पहिल्या उत्तराचा वापर दुसऱ्या प्रश्नासाठी करणाऱ्या वाचकाचा तो दोष निश्चितच आहे.

या व्यवसायाचे समकालीन वर्णन करणारा जॉन डेंट गुडमन यांचा निबंध १८६६ मध्ये सॅम्युअल टिमिन्स यांनी संपादित केलेल्या बर्मिंगहॅमच्या उद्योगविषयक ग्रंथात आहे. सुटे भाग बनवणारे आणि ते जोडून पूर्ण करणारे अशी त्यांनी केलेली विभागणी आजही उपयुक्त आहे. मात्र गुडमन हे तटस्थ निरीक्षक नव्हते. १८६१ मध्ये स्थापन झालेल्या बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, अर्थात बी.एस.ए. या कंपनीचे ते अध्यक्ष होते आणि ही कंपनी हस्तव्यवसायाच्या जागी यंत्रोत्पादन आणण्यासाठीच उभी राहिली होती. गल्लीतील कारागिराचे जग आपल्याला त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या लेखणीतून पाहावे लागते, याचे भान ठेवूनच हा निबंध वाचला पाहिजे.

६. बाजारमूल्य, दुरुस्ती आणि बनावट

चुकीच्या ओळखीचे परिणाम केवळ ज्ञानक्षेत्रापुरते राहत नाहीत. अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेकडील राज्यांनी व्हिटवर्थ रायफली खरेदी केल्या होत्या. ९ मे १८६४ रोजी स्पॉटसिल्व्हेनिया येथे सेनापती सेजविक लांबून झाडलेल्या गोळीने ठार झाले आणि ती गोळी व्हिटवर्थची होती असे परंपरेने सांगितले जाते. या आख्यायिकेमुळे दक्षिणेकडे गेलेल्या रायफलीला स्पर्धेच्या मैदानावरील तशाच रायफलीपेक्षा कितीतरी अधिक किंमत येते. तेव्हा अनुक्रमांक, लॉकवरील कंपनीचे नाव आणि ट्रिगरगार्डच्या पट्टीवरचा ‘सेकंड क्वालिटी’ असा ठसा यांना निव्वळ ओळखीपलीकडे आर्थिक महत्त्व प्राप्त होते. जेथे एका ठशाने मूल्य अनेकपट होते, तेथे तो ठसा नंतर मारलेला नाही ना, हे विचारणे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.

त्यासाठी ठशांचा क्रम तपासता येतो. कोरीव अक्षर अवजाराने धातू काढून घडते, तर ठोकलेला ठसा धातू दाबून बाजूला सारतो. नंतर ठोकलेल्या ठशाच्या कडेला धातूची उंचवटी राहते आणि भोवतालचा जुना तपकिरी थर फुटलेला दिसतो. कोरलेली रेघ प्रूफच्या ठशाला कापून जात असेल तर ती प्रूफनंतरची. ठसे झिजलेले आणि नाव मात्र टवटवीत असेल तर नाव नव्याने कोरले आहे. १८७० च्या दशकातील यंत्रणेवर १९०४ नंतरचे ठसे असतील तर नळी बदलली गेली आहे किंवा तिची पुन्हा चाचणी झाली आहे.

नंतरचा प्रत्येक हस्तक्षेप लबाडी नसतो. विसाव्या शतकात छोट्या मापाच्या नेमबाजी मंडळांची वाढ झाली आणि जुन्या मार्टिनी यंत्रणेच्या रायफली त्यांत वापरल्या गेल्या. बर्मिंगहॅमच्या ए. जी. पार्कर पेढीने, जी पुढे १९३६ पासून पार्कर-हेल झाली, झिजलेल्या नळ्यांत नवे अस्तर घालून त्यांना पुन्हा कामाला लावले आणि तसा ठसाही उमटवला. अशा रायफलीवर बी.एस.ए.चे एकमेकींना टेकवलेल्या तीन रायफलींचे चिन्ह, एखाद्या विक्रेत्याचे नाव आणि पार्करचा ठसा एकत्र नांदतात. शुद्ध मूळ अवस्थेचा आग्रह धरणारा संग्राहक तिला कमी लेखतो. इतिहासाच्या दृष्टीने मात्र ती दोन पिढ्यांच्या वापराचा लेख आहे.

७. नाममुद्रा आणि ताम्रपट : एक पद्धतीविषयक तुलना

मराठी अभ्यासकाला ही समस्या नवखी वाटू नये. अभंगाच्या अखेरीस येणारी नाममुद्रा ही कर्तृत्वाचा निर्णायक पुरावा मानायची की नाही, हा आपल्या पाठचिकित्सेतील जुना प्रश्न आहे. थोर संताच्या नावावर पुढील काळातील रचना चढत गेल्या आणि संपादकांना मुद्रेपलीकडे जाऊन भाषा, हस्तलिखितांची परंपरा व आशय तपासावा लागला. नाव जितके थोर, तितकी क्षेपकांची शक्यता अधिक. नामांकित बंदूककारांच्या बाबतीतही अनुभव हाच आहे.

ताम्रपटाचे उदाहरण याहून जवळचे आहे. ताम्रपटावर दान देणाऱ्या राजाचे नाव व राजमुद्रा असते, परंतु अनेक ताम्रपटांच्या अखेरीस मजकूर रचणाऱ्याचे आणि पत्रा कोरणाऱ्याचे नावही येते. राजाने तो पत्रा स्वतः कोरला असे कोणी म्हणत नाही. दाता, रचनाकार, कोरणारा आणि प्रमाणित करणारी मुद्रा या चार भूमिका आपला पुराभिलेखविद् सहज वेगळ्या करतो. रायफलीवरील पेढी, एकस्वधारक, कारागीर आणि प्रूफ हाऊस यांच्या बाबतीत तीच शिस्त पाळली जावी, एवढीच अपेक्षा आहे. फरक इतकाच की ताम्रपटाने कोरणाऱ्याला अखेरच्या ओळीत तरी जागा दिली. रायफलीने त्याला दस्त्याच्या आत ठेवले.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१) नळीवरील कोरलेले नाव हे प्रथमतः व्यापारी विधान आहे. इतर खुणांनी पुष्टी दिल्याशिवाय ते घडणीचा पुरावा मानू नये.

२) प्रूफचे ठसे नळीचा काळ व माप यांविषयी विश्वसनीय आहेत, निर्मितीचे स्थळ व गुणवत्ता यांविषयी नाहीत.

३) लॉकच्या व नळीच्या झाकलेल्या बाजूंवरील आद्याक्षरे व खाचा या प्रत्यक्ष घडवणाऱ्याच्या सर्वांत जवळ जाणाऱ्या खुणा आहेत. वस्तू उघडून न पाहता केलेली नोंद अपुरी समजावी.

४) वस्तुसंग्रहालयाच्या नोंदीत ‘निर्माता’ या एका रकान्याऐवजी पेढी, एकस्वधारक, भागांचे कारागीर, प्रूफचे ठिकाण व काळ, विक्रेता आणि नंतरचे फेरफार असे स्वतंत्र रकाने असावेत. एखादा रकाना रिकामा राहिला तरी चालेल. रिकामा रकाना पुढील अभ्यासकाला प्रश्न विचारतो, चुकीने भरलेला रकाना तो प्रश्नच बंद करतो.

५) गंज काढण्याच्या नावाखाली धातू घासून चकचकीत करण्याची प्रथा थांबवली पाहिजे. खोल कोरलेले नाव त्यातून वाचते, उथळ आद्याक्षरे व कानशीच्या खाचा मात्र प्रथम नष्ट होतात. प्रत्येक अशा सफाईत पेढीचे नाव अधिक उजळ होते आणि ज्याची ओळख त्या खाचेपुरतीच उरली होती तो कारागीर कायमचा नाहीसा होतो.